एकशे बारा ग्रॅम

अलेक्झांड्राच्या दुकानात लॅक्लन पॅटुलोने
काउंटरवर तीन नळ्या मांडल्या.
ही स्टीलची. दणकट, पण रायफलचं नाक जड होतं,
रात्रभर खांदा बोलतो.
ही कायमची बंद. स्वस्त.
आत काय साचलं ते कधी कळायचं नाही.
ही ॲल्युमिनियमची. उघडते.
"आणि सायलेन्सर म्हणू नकोस," तो म्हणाला,
"गप्प कुणी करत नाही. खालच्या पट्टीत आणते, एवढंच."
मी उघडणारी घेतली.

बाबांनी चाळीस वर्षं माळावरचे ससे मारले,
उघड्या बावीसने, उघड्या कानांनी.
उजवा खांदा लावायचे, म्हणून डावा कान आधी गेला,
मग उजव्यानेही तीच वाट धरली.
आता किटली शेगडीवर बोंबलते
आणि ते शांतपणे मेंढ्यांचे भाव वाचत बसतात.
माझं बोलणं ओठांवरून कळतं त्यांना,
सोयीचं तेवढं.
सकाळी विचारतात, "किती?"
मी बोटं दाखवते. एक बोट म्हणजे दहा.

नळी लावली की रात्र वेगळीच असते.
गोळी मात्र संथ घ्यावी लागते,
नाहीतर ती वाटेत हवाच फोडते
आणि नळीचं सगळं करणं फुकट.
पहिला बार जरा मोठा,
आतली शिळी हवा जळते म्हणून.
त्यानंतर फक्त बोल्टची खटखट,
आणि उतारावर, रानातल्या थाइममध्ये,
ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज.
शेजारचा ससा मान वर करतो,
पुन्हा चरू लागतो.
हे मला सोयीचं आहे.
आवडतं असं नाही म्हणणार.

रविवारी टेबलावर जुना पेपर, हातात मोजे.
आईच्या पिठाच्या काट्यावर आधी वजन.
कपाटाच्या दाराआड, तिच्या पावाच्या मापांखाली
मी पेन्सिलीने लिहीत जाते :
नवी होती तेव्हा ११२. मग ११९. मग १३१.
बावीसची गोळी उघड्या शिशाची,
जाता जाता थोडी मागे राहते.
आवाज कुठे जातो म्हणून विचारलंत
तर मी काट्याकडे बोट दाखवेन.

आत आठ पडदे. नंबर घातलेत,
कारण क्रम चुकला की गोळी काठाला घासते.
खरवडायचं ते तेलात भिजवून,
कोरडी धूळ छातीत जाते.
पॅटुलोने बजावलंय, व्हिनेगर नको :
शिसं त्यात विरघळून गोड विष होतं,
मग ते ओतणार कुठे? खाली ओढ्यावर मेंढ्या आहेत.
आट्यांना बोटभर ग्रीस.
आणि घरी आलं की नळी रायफलवरून काढायचीच,
नाहीतर तिचा ओलावा रात्रभर नळकांड्यात उतरतो.

बाबा पडदे एकेक उचलून उजेडात धरतात.
डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या कानाचे पडदे शाबूत आहेत,
त्यामागचं झिजलंय.
त्यामागचं खरवडता येत नाही.

जुलैत, दहिवराच्या एका रात्री,
ते ट्रकमध्ये येऊन बसले. बोलावलं नव्हतं.
पहिल्या सशावर मी नेम धरला
तर खांद्यावर हात,
आणि हवेत बोटांनी झाकण उघडल्याची खूण.
मी नळी काढली. गरम नव्हती अजून.
ससा सोडून मातीच्या दरडीवर झाडली.

टेकडीने बार परत फेकला,
मॅकस्किमिंगची कुत्री उठली,
सगळा उतार एका क्षणात रिकामा,
माझ्या कानात शिट्टी.
बाबांचा तळवा ट्रकच्या पत्र्यावर होता.
"हं," ते म्हणाले.
"एवढाच होता होय?"

मग बराच वेळ इंजिन सुरू केलं नाही मी.
काचेवर आमचा श्वास साचत गेला.

सकाळी किटली ओरडत होती.
"किती?" त्यांनी विचारलं.
मी मूठ दाखवली.